बडोद्यात काकूचं पोर्ट्रेट करून घेतलं, समोर बसवून, ऑइलमध्ये (मोठा रिव्ह्यू)

बऱ्याच जणांनी विचारलं की काकूचं पोर्ट्रेट कुठे केलं, किती पडले, फोटोवरून की समोर बसवून, प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण ज्यांना घरातल्या कुणाचं चित्र खरंच करून घ्यायचंय त्यांनी पूर्ण वाचा. पाचापैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते शेवटी येईलच.

आधी काकूबद्दल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काका अकाली गेले आणि काकूने दांडिया बाजारच्या घरातून डबे द्यायला सुरुवात केली. युनिव्हर्सिटीच्या होस्टेलची पोरं, नव्याने नोकरीला आलेले, मराठी, गुजराती, साउथचे, सगळे. तीसेक वर्षं पहाटे उठून हेच, दोन्ही मुलांची शिक्षणं त्यातच झाली. बोलणं एक घाव दोन तुकडे, पण ज्याच्याकडे पैसे नसायचे त्याचा डबा कधी बंद झाला नाही, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढलेला तिला खपायचा नाही. आता सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा आम्हा भावंडांचं म्हणणं पडलं की साडी नको, चांदीची भांडी नकोत, कायम भिंतीवर राहील असं काहीतरी देऊया.

पहिल्यांदा पुण्याच्या चुलतभावाने एका वेबसाइटवर ऑर्डर दिली होती, फोटो पाठवा आणि हँडमेड पेंटिंग घरपोच मिळवा टाइप. लग्नातला फोटो पाठवला. चित्र आलं त्यात चष्मा तोच, साडीचे काठ बरोबर, कानातल्या कुड्यांत सुद्धा मोजून तितकेच मोती, पण सुरकुत्या सगळ्या पुसलेल्या, दोन्ही डोळ्यांत एकसारखे दोन पांढरे ठिपके आणि ओठांवर ते फोटोग्राफरने "स्माइल" म्हटल्यावर येतं तसलं हसू. चेहरा काकूचाच, माणूस कोण ते कळेना. तक्रार केली तर उत्तर आलं की फोटोशी मॅच होतंय. आणि मॅच होतच होतं, अडचण तीच होती, फोटोतच काकू नव्हती, एक अवघडलेली म्हातारी बाई होती.

मग ओळखीतून हे चित्रकार सर मिळाले. नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय कारण एका वेळी एकच काम घेतात, ज्यांना हवंय त्यांनी मला मेसेज करा. आपल्या युनिव्हर्सिटीच्या फाईन आर्ट्स फॅकल्टीतच शिकलेले, मग बरीच वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, रिटायर झाल्यावर पूर्णवेळ पोर्ट्रेट. स्टुडिओ रावपुऱ्याकडे एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. उत्तरेला मोठी खिडकी आहे आणि ते म्हणतात ह्या खिडकीसाठीच जागा सोडत नाही, उत्तरेच्या उजेडात ऊन थेट येत नाही त्यामुळे चेहऱ्यावरच्या सावल्या तास-दोन तास जागेवर राहतात.

पहिल्या भेटीत मी साइज आणि रेट विचारायला तोंड उघडलं तर त्यांनीच प्रश्न सुरू केले. काकू घरात कुठे बसतात? राग आला की ओरडतात की गप्प होतात? ऐकू कसं येतं? दिवसभर हात कशात असतात? मी म्हटलं सर फोटो पाठवू का, तर म्हणाले पाठवा, साडीचा रंग बघायला उपयोगी पडेल. पुढच्या आठवड्यात स्वतः घरी आले, चहा घेतला, काकूशी लोणच्याच्या मसाल्यावर तासभर बोलत बसले, एक रेघ काढली नाही. जाताना मला म्हणाले, ह्यांचं तोंड बोलताना नाही, ऐकताना बघायला हवं. मी इतकी वर्षं त्या घरात वावरतेय, मला हे कधी सुचलं नव्हतं.

आणि मग त्यांनी आम्हाला होमवर्क दिला. काम सुरू करायच्या आधी लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह म्युझियममध्ये जाऊन या म्हणाले, म्हणजे तुम्हाला काय हवंय आणि मी काय देणार यात नंतर वाद नको. आपण बडोद्याचे लोक तिथे शाळेच्या ट्रिपला गेलेलो असतो किंवा पाहुणे आले की, नीट बघितलेलं कुणीच नसतं. इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेसाठी बांधलेली, म्युझियम 1961 पासून. चित्रकार राजा रविवर्म्यांचा तिथला संग्रह खरोखर मोठा आहे आणि त्यामागे बडोद्याचाच इतिहास आहे. 1881 च्या डिसेंबरमध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळाले तेव्हाचे दिवाण सर टी. माधवराव, ते आधी त्रावणकोरला दिवाण होते, त्यांच्या ओळखीने रविवर्मा इकडे आले आणि राजघराण्याची पोर्ट्रेट्स केली. चौदा पौराणिक चित्रांचं मोठं काम त्यांना पुढे 1888 ला मिळालं. सरांनी बजावलं होतं की पौराणिक चित्रांकडे शेवटी जा, आधी पोर्ट्रेटसमोर उभे राहा, आणि एक युक्ती सांगितली जी मी आता सगळ्यांना सांगते. हात डोळ्यासमोर असा धरायचा की दागिने आणि कपडे झाकले जातील, मग फक्त चेहरा बघायचा. नंतर चेहऱ्याची उजवी बाजू झाकून डावी, मग डावी झाकून उजवी.

करून बघा, खरंच. रविवर्म्यांच्या पोर्ट्रेटमध्ये जरीकाम, मखमल, मोती हे इतकं हुबेहूब असतं की नजर तिथेच अडकते, मोत्याचा गारवा बोटाला लागेल असं वाटतं. तरुण सयाजीरावांच्या चित्रासमोर मी दागिने झाकले आणि एकदम वेगळंच दिसायला लागलं. नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकरी घरातला गोपाळ (सयाजीरावांचं मूळ नाव), 1875 मध्ये बारा वर्षांचा असताना दत्तक घेऊन इथे आणला, आणि अठराव्या वर्षी राज्य हातात. दागिन्यांसकट बघितलं की महाराज, झाकून बघितलं की नुकतीच मिसरूड फुटलेला मुलगा ज्याला सांगितलंय की ताठ उभा राहा. रविवर्म्यांना हे दाखवायचं होतं की नाही देव जाणे, दरबारी पोर्ट्रेटचं काम रुबाब दाखवणं हेच असतं आणि तो त्यांनी पुरेपूर दाखवलाय, पण चेहरा समोर बसलेल्या माणसाचा आहे म्हणून तो रुबाबाच्या आडूनही दिसतोच. माझ्या मते तिथल्या पोर्ट्रेट्समध्ये जी सगळ्यात कमी सजवलेली आहेत ती सगळ्यात जिवंत आहेत. तुमचं मत वेगळं असू शकेल.

(जाता जाता, आमच्या मागे एक फॅमिली गार्डला विचारत होती की हातात दिवा घेतलेल्या बाईचं रविवर्म्याचं चित्र कुठे आहे. ते रविवर्म्यांचं नाहीच, ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आणि ते म्हैसूरला आहे, जलरंगातलं, आणि मॉडेल म्हणून त्यांची स्वतःची मुलगी उभी होती. इतकं सुंदर काम आणि नाव दुसऱ्याचं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं म्हणून इथे लिहिलं.)

म्युझियम बघून परत गेलो तेव्हा सरांनी दुसरं टोक दाखवलं, पुस्तकातून. चित्रकार भूपेन खख्खर. बडोद्यातच राहिले, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट, चित्रं काढत असतानाही हिशेबाचं काम वर्षानुवर्षं चालू होतं. त्यांनी राजे नाही रंगवले, घड्याळ दुरुस्त करणारा रंगवला, न्हावी रंगवला, 1972-73 ची चित्रं आहेत ही. शरीरशास्त्र वगैरे बघाल तर सरळसोट, जवळजवळ दुकानाच्या पाटीसारखं काम, पण तो घड्याळवाला त्याच्या दुकानात असा बसलाय की त्याचा अख्खा दिवस कळतो. सरांचं म्हणणं, हुबेहूबपणा ही एक गोष्ट आणि माणूस सापडणं ही दुसरी, दोन्ही एकदम मिळालं तर भाग्य, पण एकच निवडायचं असेल तर मी दुसरं निवडीन, तुम्हाला चालेल का ते आत्ताच सांगा. आम्ही चालेल म्हटलं. चुलतभावाने फोनवर "पण ओळखू यायला पाहिजे हं" असं तीनदा सांगितलं.

आता सिटिंग. रविवारी सकाळी, दीड-दोन तास, मध्ये चहा. पहिल्या वेळी काकू पैठणी, मोत्याची माळ, पाटल्या सगळं घालून तयार, आणि खुर्चीत अशी बसली की पासपोर्टचा फोटो काढायचाय. सर काही बोलले नाहीत, कोळशाने रेघा काढल्या, मग तपकिरी रंगात सावल्यांचे मोठे मोठे भाग भरले, आणि शेवटी सगळं कापडाने पुसून टाकलं. काकू भडकली, "अहो मास्तर, सकाळ वाया घालवलीत माझी." ते म्हणाले, "काकू, आज तुम्ही आलाच नव्हता, पुढच्या रविवारी या. आणि येताना निवडायची भाजी घेऊन या."

मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. पुढच्या वेळी काकू घरातली सुती साडी नेसून, लसणाची परडी घेऊन गेली, आणि परडी मांडीवर आल्यावर पाचच मिनिटांत तिचे खांदे उतरले. लसूण सोलताना ती खालचा ओठ किंचित आत घेते आणि मान डावीकडे कलते, कारण डाव्या कानाने बरं ऐकू येतं, इतकी वर्षं स्वयंपाकघरात उभं राहून बाहेर कोण आलं, कुणाचा डबा न्यायचा राहिला हे ऐकत काम केलेलं आहे ना. सरांनी तेच धरलं. नजर आपल्याकडे नाही, लसणाकडे पण नाही, कुठेतरी मध्येच, जसं बोलणं ऐकताना असतं तशी.

मी कोपऱ्यात स्टुलावर बसून बघायचे. ते डोळे बारीक करून बघतात, दोन पावलं मागे जातात, पुढे येऊन एक फटका मारतात, परत मागे. मी विचारलं फोटोवरून का नाही करत, तर सांगितलं की मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, आणि सावल्या काळ्या ठिक्कर, त्यातला रंग मेलेला. प्रत्यक्षात काकूच्या गालाच्या सावलीत त्यांना हिरवा दिसत होता, चक्क हिरवा, त्यांनी तो लावला आणि शेजारी विटकरी लावल्यावर ती त्वचा झाली! शिवाय फोटो म्हणजे एक क्षण. समोर बसलेला माणूस दोन तासांत कंटाळतो, आठवणीत जातो, चिडतो, पेंगतो, आणि चित्रकार ह्या सगळ्यातलं थोडं थोडं एकाच चेहऱ्यात ठेवत जातो. त्यामुळेच डावी आणि उजवी बाजू वेगळी ठेवायची असते. काकूची डावी भुवई जरा वर आहे, कुणी काही थाप मारत असेल तर पकडायच्या तयारीत, आणि उजवा डोळा थकलेला आहे. एक बाजू झाकून बघितलं की दोन वेगळ्या बायका दिसतात आणि दोन्ही काकूच आहेत.

ओठांच्या कोपऱ्यांवर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. डोळ्यांबद्दल सगळे बोलतात, पण स्वभाव तोंडाच्या कोपऱ्यात असतो असं त्यांचं ठाम मत. तो कोपरा त्यांनी रेघ मारून संपवला नाहीये, कडा गालाच्या सावलीत विरघळू दिलीय, म्हणून एका अंगाने बघितलं तर काकू आता काहीतरी खमंग बोलणार असं वाटतं आणि दुसरीकडून बघितलं तर ते बोलणं तिने गिळलंय. ह्या संदर्भात त्यांनी डच चित्रकार रेम्ब्राँची सेल्फ पोर्ट्रेट्स दाखवली होती, तो माणूस तरुणपणापासून मरेपर्यंत स्वतःचा चेहरा रंगवत राहिला, 1669 ला वारला त्या वर्षीची सुद्धा आहेत, आणि त्या शेवटच्या चित्रांत कपाळावर, नाकावर रंग जाड थापलेला पण कपडे नुसते अंधारात सोडून दिलेले. कुठे थांबायचं आणि कुठे सोडून द्यायचं ह्यातच सगळं आहे.

हातांबद्दल तर लिहायलाच हवं. काकूच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर विळीच्या काळ्या रेघा आहेत, आडव्या, बारीक, कितीही लिंबू चोळा जात नाहीत. नखाची एक बाजू चिरलेली. वेबसाइटवाल्या चित्रात हात एखाद्या मॉडेलचे आलेले, गुळगुळीत. सरांनी त्या रेघा एकेक करून नाही काढल्या, पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवला, वाळायच्या आत ब्रशच्या मागच्या टोकाने दोनतीन ओरखडे काढले, बस. जवळून बघाल तर नुसते ओरखडे, चार पावलं मागे आलात की तो अंगठा ओळखीचा. लसणाच्या पाकळीला मात्र जाड पांढरा रंग, चित्रातली सगळ्यात उजळ जागा तीच. त्यामुळे नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग घसरून हातावर, मग परत वर. मी कितीतरी जणांना त्या चित्रासमोर बघितलंय, सगळ्यांची नजर अशीच फिरते.

चित्र पूर्ण व्हायच्या आधी घरातल्यांना दाखवलं तेव्हा जे व्हायचं तेच झालं. एक म्हणाली काकू हसत नाहीये. दुसऱ्याला लसूण नको होता, त्याऐवजी हातात पोथी द्या म्हणे, सहस्रचंद्रदर्शनाला शोभेल. आणि एका जवळच्या नातेवाईकाने हळूच सरांना सांगितलं की रंग जरा उजळ करता आला तर बघा. सरांनी शांतपणे विचारलं, कुणाचा? बाकी एक शब्द नाही. मला हे लिहिताना अजूनही बरं वाटतंय. आपल्याकडे फोटोवाला न सांगता उजळ करून देतो आणि आपण खुश होतो, पण काकूचा रंग चुलीसमोर आणि उन्हात पिकलेला आहे, तो काढला तर तिचं आयुष्यच काढून टाकल्यासारखं आहे. पोथीचं तर काकूनेच निकालात काढलं, "मी कधी वाचली पोथी? वेळ होता का मला?"

काकूची स्वतःची प्रतिक्रिया अशी की ती बराच वेळ बघत राहिली, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग म्हणाली, "हो, अशीच आहे मी. ते पदराचं टोक तेवढं नीट खोचायला हवं होतं." मग थोड्या वेळाने मला, "अगं, माझी आई अशी दिसायची." तिच्या आईचा एकही फोटो नाहीये घरात. कार्यक्रमाच्या दिवशी काकूकडे पूर्वी डबा लावलेले तीन-चार जण आले होते, आता स्वतः साठीच्या पुढचे, त्यातले एक गुजराती काका चित्रासमोर उभे राहून हात जोडून म्हणाले की आता ओरडणार मला, उशीर झाला म्हणून. ओळखू यायचा प्रश्न तिथेच मिटला, चुलतभाऊ बाजूलाच उभा होता.

आता कामाच्या गोष्टी. 24 बाय 30 इंच, लिननचा कॅनव्हास, ऑइल, आम्हाला 35,000 पडले, निम्मे ॲडव्हान्स. फ्रेम वेगळी, ती ते करून देत नाहीत, पण कुणाकडे करायची ते सांगतात आणि काच लावू नका हे चारदा बजावतात, ऑइलला काच लागत नाही. चेहरा फक्त खांद्यापर्यंत हवा असेल तर कमी, पण हात सोडू नका असा माझा सल्ला, पैसे वाचवायचे तर कॅनव्हास लहान घ्या पण हात ठेवा.

अर्धा मार्क कापला तो ह्यासाठी की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चित्र हातात मिळालं, रंग पुरता वाळलेला नव्हता, रिक्षातून दोघांनी कडा धरून आणावं लागलं. ऑइल वाळायला वेळ घेतं हे मान्य पण तारीख आधीच दिलेली होती. दुसरं, जिना. दोन मजले, लिफ्ट नाही, आणि पायऱ्या उंच, काकू गुडघे धरून चढायची. ज्यांच्या घरच्या माणसाला जिना जमणार नाही त्यांनी आधीच बोला, ते घरी येऊन करतात पण मग खिडकीचा उजेड बघून दिवस ठरतो आणि अजून उशीर. टर्पेंटाइनचा वास पण असतो, दम्याचा त्रास असेल तर पंख्याजवळ बसवायला सांगा.

कुणी घेऊ नये तेही सांगते. गेलेल्या माणसाचं चित्र हवं असेल तर हे सर सहसा नाही म्हणतात, फारच आग्रह केला तर त्या माणसाला ओळखणाऱ्या दोघा-तिघांना बोलावून बोलत बसतात आणि मगच ठरवतात. दिवाळीच्या आत हवंय, सरप्राइज द्यायचंय, असं असेल तर जाऊच नका, समोर बसल्याशिवाय हे काम होत नाही. आणि ज्यांना वीस वर्षांनी लहान दिसायचंय त्यांनी पण नको.

ज्यांच्या घरी सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसं आहेत त्यांनी मात्र थांबू नका. सुरुवातीला जमत नसेल तर निदान म्युझियमला घेऊन जा आणि हात डोळ्यासमोर धरून चेहरे बघायची ती युक्ती करून बघा, नंतर घरी येऊन आपल्या माणसाकडे तसंच बघा.

फायनल वार्निश अजून व्हायचंय, ऑइल आतपर्यंत वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं म्हणून सरांनी पुढच्या उन्हाळ्यात चित्र परत आणायला सांगितलंय, त्याचे पैसे वेगळे नाहीत. तोपर्यंत सुक्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, ओलं फडकं अजिबात लावायचं नाही. वार्निशनंतर रंग किती खुलतात त्याची अपडेट इथेच टाकते.